नौपाड्यातलं स्पीकरचं दुकान, माझे बाबा आणि कार्टूनमधले आवाज

दुकान सहज सापडत नाही, म्हणून पत्ता आधी सांगते. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडा, गोखले रोड धरा आणि नौपाड्याच्या बाजूला चालत राहा. कपड्यांची आणि चष्म्यांची दुकानं मागे पडली की एक बोळ आत जातो. त्यात जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर शेवटचा गाळा. पाटीवर ‘रेडिओ टीव्ही ॲम्प्लिफायर दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय आणि त्यातला ‘रेडिओ’ उन्हाने पार फिका झालाय. मालक सत्तरीचे आहेत. आख्खा बोळ त्यांना काका म्हणतो, मीही काकाच म्हणते.

मी तिथे गेले ती बाबांसाठी. बाबांना काचबिंदू आहे. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, आणि ते आम्हालाच काय, त्यांनाही कळलं नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आता त्यांना उजेड आहे की अंधार, एवढंच समजतं. त्याआधी ३१ वर्षं ते वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये लेथवर होते. टूल बोथट झालंय हे कामाकडे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायचे. कान आधीपासूनच तयार होता.

माझी नोकरी सकाळची. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये साडेसहाला रक्त घ्यायला बसते आणि दोनच्या आत सावरकर नगरला घरी येते. बहिणीची मुलगी नऊ वर्षांची आहे, शाळा सुटली की ती आमच्याकडेच. दोन ते पाच टीव्ही आम्हा तिघांचा, आणि त्यावर कार्टून. मी चाळिशीची आहे आणि मला कार्टूनचं लहानपणापासून वेड आहे, त्यातही त्यातल्या आवाजांचं. भाग संपला की नावं सरकत जातात ना, ती मी थांबवून वाचते. बाबा आमच्याबरोबर कार्टून ‘बघतात’ असंच घरात म्हणतात, आणि मला तो शब्द बरोबर वाटतो. कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय, कोण खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं आहे, हे त्यांना आमच्याआधी कळतं.

याचं एक उदाहरण मी सगळ्यांना सांगते. भाचीचं डोरेमॉन चालू होतं, हिंदीतलं. ते संपल्यावर तिने छोटा भीमचा एक जुना भाग लावला. पाच मिनिटांनी बाबा म्हणाले, “हा लाडूवाला आणि तो मघाचा निळा, दोघांना एकच बाई बोलतेय.” भाची हसली, म्हणाली, “आजोबा, भीम मुलगा आहे!” मी मात्र उठून बसले. कारण ते खरं होतं. हिंदी डोरेमॉनचा आवाज वर्षानुवर्षं सोनल कौशलचा होता आणि छोटा भीमच्या आधीच्या भागांत भीमही तिचाच. दोन्ही आवाज कानाला इतके वेगळे आहेत की मलासुद्धा वाचूनच कळलं होतं. बाबांना विचारलं, कशावरून ओळखलंत? ते म्हणाले, “बोलायच्या आधी श्वास घेते ना, तो तसाच आहे.”

तर असा माणूस घरात, आणि टीव्ही मात्र असा की दर तिसऱ्या वाक्याला बाबांनी “काय म्हणाला?” विचारावं. आधीचा टीव्ही जाडा होता, त्याचे स्पीकर समोर होते. गेल्या दिवाळीत नवा ४३ इंची घेतला. चित्र झकास, पण आवाज जणू उशीखालून येतो. आवाज वाढवला की मारामारी सुरू झाल्यावर खिडक्या हादरतात आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते. कमी केला की बोलणं गेलं. एक ब्लूटूथ स्पीकर जोडून पाहिला. त्यात आवाज किंचित मागे राहायचा. बाबांना फरक पडला नाही, पण भाचीला पडला. “मावशी, यांचं तोंड आधी हलतं आणि मग बोलतात,” ती म्हणाली. ज्या डबिंगच्या माणसांनी अक्षर न् अक्षर ओठांवर बसवायला जीव काढलेला असतो, त्यांच्यावर तो अन्याय आहे असं मला वाटलं. दोन दिवसांत तो स्पीकर काढून टाकला.

मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात गेलो, तर तिथल्या मुलाने आम्हाला साउंडबारपुढे, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरपुढे, उभं करून हेलिकॉप्टर आणि स्फोट ऐकवले. बाबांनी त्याला विचारलं, “यात कोणी बोलत नाही का?” त्याच्याकडे बोलण्याचा नमुना नव्हता. मग लॅबमधल्या एका सहकाऱ्याने नौपाड्यातल्या काकांचं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी मी एकटीच गेले. काकांनी काही विकलं नाही. टीव्ही कुठला, कुठे लावलाय, समोर भिंत आहे की खिडकी, ऐकणाऱ्याचं वय काय आणि खुर्ची कुठे असते, एवढं विचारून घेतलं. मग एका कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढून समजावलं. हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आदळतो आणि मग आपल्याकडे येतो. दुसरं म्हणजे हे कार्यक्रम पुष्कळदा सहा स्पीकरांसाठी मिसळलेले असतात. त्यातलं बोलणं बहुतेक सगळं मधल्या एका स्पीकरसाठी राखलेलं असतं. आपल्या टीव्हीत मधला स्पीकरच नाही. मग सहाचे दोन करताना संगीत आणि धडाधड हे सगळं त्या बोलण्याच्या अंगावर येऊन पडतं. आणि तिसरं, वय झालं की कानातून बारीक, उंच आवाज आधी जातात. ‘आ’, ‘ओ’ ऐकू येतात, पण स, श, त, क, फ यांची धार तिथे वरच असते. “म्हणजे तुमच्या वडलांना माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते निसटतं,” काका म्हणाले. डॉक्टरसुद्धा इतकं नीट सांगत नाहीत.

मग म्हणाले, घरी जाऊन टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज साधा स्टीरिओ करा, सराउंड नावाचं जे काही असेल ते बंद करा, आणि चार दिवस ऐका. त्याने भागलं तर माझ्याकडे येऊ नका. याचे पैसे घेतले नाहीत.

निम्मं भागलं. बाबांचं “काय म्हणाला?” कमी झालं, थांबलं नाही. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. काकांनी सांगून ठेवलं होतं की जे रोज ऐकता तेच घेऊन या, माझ्याकडच्या गाण्यांवर स्पीकर निवडू नका. भाचीने तिचा टॅब घेतला. त्यात काय काय लावायचं याची यादी मी आदल्या रात्री केली होती, आणि खरं सांगते, लग्नाच्या खरेदीलासुद्धा मी कधी एवढी तयारी करून गेले नव्हते.

दुकानात तीन गोष्टी ओळीने मांडल्या होत्या. एक नवा साउंडबार, सोबत त्याचा बेसचा डबा. एक छोटा, एकटाच स्पीकर, ज्यात ॲम्प्लिफायर आतच होता. आणि लाकडी पेटीतली एक जुनी जोडी, जिचे आतल्या थरथरणाऱ्या पडद्याभोवतीचे कुजलेले फोम काकांनी नवे बसवले होते. बाबांना मध्ये स्टुलावर बसवलं. काका मागे उभे राहून वायर बदलायचे आणि कुठला चालू आहे हे कोणालाच सांगायचे नाहीत. बाबांना तर तसंही दिसत नव्हतं, म्हणून काकांनी आम्हा दोघींनाही दाराकडे तोंड करून बसायला सांगितलं. हे मला फार आवडलं. सगळे एका पातळीवर आले.

सुरुवात भाचीच्या डोरेमॉनने. मग मी जपानी डोरेमॉनचे दोन तुकडे लावले. १९७९ पासून २००५ पर्यंत नोबुयो ओयामा या बाईंनी डोरेमॉनला आवाज दिला, त्यानंतर वासाबी मिझुता देतात. ओयामांचा आवाज जरा खरखरीत, घशातून येणारा. मिझुतांचा उजळ, चुणचुणीत. साउंडबारवर दोघींत फारसा फरक कळेना, दोघीही गोड आणि गोल झाल्या. लाकडी जोडीवर बाबा लगेच म्हणाले, “हा पहिला पोक्त आहे. घरातल्या मोठ्या काकासारखा. दुसरा मित्र आहे.” जपानी भाषेचा एक शब्द त्यांना येत नाही. मला स्वतःलाही ओयामांचा डोरेमॉन असाच वाटतो, नोबिता या पोरावर डाफरणारा आणि त्याच्याशिवाय न राहणारा. त्या २०२४ मध्ये गेल्या तेव्हा मी लॅबमध्ये जेवायच्या सुट्टीत एकटीच बसून त्यांचे तुकडे ऐकले होते.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती मला या वेडातच उमगली. जपानी कार्टूनचं हिंदी डबिंग कानाला इतकं चपखल का बसतं आणि अमेरिकन कार्टूनचं पुष्कळदा ओढल्यासारखं का वाटतं? माझ्या मते यात वाक्यरचनेचा मोठा हात आहे. जपानीत क्रियापद शेवटी येतं, तसंच हिंदीत, तसंच आपल्या मराठीत. नोबिता रडत रडत काहीतरी सांगतो आणि शेवटच्या शब्दावर हुंदका देतो, तेव्हा हिंदीतही शेवटी तसाच शब्द हाताशी असतो. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन गेलेलं असतं, त्यामुळे जोर कुठे द्यायचा याचा मेळ लागत नाही. शिवाय अमेरिकेत सहसा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रकार त्या आवाजावर तोंड काढतात. जपानमध्ये बहुतेकदा चित्र आधी, आवाज नंतर. म्हणजे जपानी नट आणि आपला हिंदी डबिंग आर्टिस्ट, दोघंही तयार ओठांसमोर उभे राहिलेले असतात. म्हणूनच मला मराठीत अशी जपानी मालिका, मन लावून डब केलेली, रोज दुपारी बाबांसमोर लागलेली हवी आहे. आपल्याकडे नाटकातून आलेले आवाज आहेत, आणि भाषाही त्या ओठांवर बसेल अशी आहे.

दुकानात परत येते. पुढची परीक्षा शेरखानची. दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी ‘जंगल बुक’ हिंदीत लागायचं. त्याचं गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. ते सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात शेरखान आहे, कारण त्याला नाना पाटेकरांचा आवाज होता. तेव्हा आम्ही कळव्याला चाळीत राहायचो आणि टीव्ही शेजारच्यांचा. बाबा दारातच पेपर घेऊन बसायचे, कार्टून बघायचे नाहीत. पण शेरखान बोलायला लागला की पेपर खाली यायचा. तो आवाज ओरडत नाही. वाघ आहे, पण दात दाखवत नाही. वाक्याच्या मधेच थांबतो, आणि त्या थांबण्यात पुढच्याचा जीव जातो. माझ्याकडे एक जुनाट, खरखर असलेला तुकडा होता. तो साउंडबारवर लावला तेव्हा बेसच्या डब्याने असा काही हुंकार भरला की वाघाऐवजी ट्रक आल्यासारखा वाटला. बाबांनी हाताने थांबवलं. लाकडी जोडीवर तोच तुकडा लावला आणि बाबा हळूच म्हणाले, “कळव्याची खोली.” पुढे काही बोलले नाहीत. काकांनी दोन मिनिटं वायर बदलली नाही.

तिसरा तुकडा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. ‘अवतार’ नावाची अमेरिकन मालिका आहे, २००५ ते २००८ मधली, हवा-पाणी-माती-आग वश करणाऱ्या लोकांची. त्यात आयरो नावाचा म्हातारा आहे. चहाचा शौकीन, पोट सुटलेला, एके काळचा सेनापती. त्याला आवाज माको या नटाने दिला. दुसऱ्या पर्वातल्या एका भागात आयरोची छोटीशी गोष्ट आहे. दिवसभर तो शहरात फिरतो, रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो, भेटेल त्याला मदत करतो. संध्याकाळी टेकडीवर झाडाखाली येतो, युद्धात गेलेल्या मुलाचं चित्र मांडतो, आणि सकाळी पोराला म्हटलेलं तेच गाणं त्याच्यासाठी म्हणतो. म्हणता म्हणता आवाज फुटतो. माको २१ जुलै २००६ रोजी गेले, भाग त्यानंतर सप्टेंबरमध्ये लागला, आणि ती गोष्ट त्यांना अर्पण केलेली आहे. पुढच्या पर्वात आयरोचा आवाज ग्रेग बाल्डविन यांनी सांभाळला, आणि फार अदबीने सांभाळला.

बाबांना इंग्रजी कामापुरतंच येतं, मशीनवरच्या पाट्या वाचण्याएवढं. मी त्यांना गोष्ट मुद्दाम सांगितली नव्हती. गाणं दोनदा येतं, एकदा हसत आणि एकदा असं. दुसऱ्यांदा आल्यावर बाबांनी विचारलं, “याचा मुलगा गेलाय का?” भाची म्हणाली, “हो आजोबा, लढाईत.” माझा घसा दाटला होता, मला काहीच बोलता येईना. हा तुकडा आम्ही तिन्हींवर ऐकला. साउंडबारवर गाणं नीट ऐकू आलं, पण फुटणारा स्वर संगीतात बुडाला. छोट्या एकट्या स्पीकरवर स्वर आला, झाडातला वारा गेला. लाकडी जोडीवर दोन्ही होतं आणि म्हातारा मध्ये, आमच्या समोर साधारण टॅबच्या वरच्या रिकाम्या जागेत बसला होता. तिथे स्पीकर नव्हता. डाव्या-उजव्या दोन स्पीकरांतून एकच आवाज सारखा आला की कान त्याला मधोमध बसवतात, हे काकांनी नंतर सांगितलं. त्यासाठी ऐकणाराही बरोबर मध्ये बसलेला लागतो.

काकांनी तरुणपणी गणपती मंडळांचे लाउडस्पीकर लावलेत, गडकरी रंगायतनला नाटकांच्या मायक्रोफोनचंही काम केलंय. कार्टून म्हणजे पोरांचं, असं ते आल्या आल्या म्हणाले होते आणि मला ते लागलं होतं. मी वाद घातला नाही. आयरोचा तुकडा संपल्यावर त्यांनी मला तो परत लावायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकला. मग बाबांना म्हणाले, “साहेब, हा माणूस सुरुवातीला माइकपासून लांब आहे. शेवटी जवळ आलाय, पण आवाज चढवला नाही, उतरवलाय. नाटकात हे करता येत नाही, शेवटच्या रांगेला ऐकूच जाणार नाही.” बाबा म्हणाले, “म्हणजे आपल्या कानात सांगितल्यासारखं.” काका म्हणाले, “तेच.” दोघं मग मायक्रोफोन आणि लेथ यावर अर्धा तास बोलत बसले. मी आणि भाची समोर उसाचा रस पिऊन आलो.

घेतली ती लाकडी जोडीच. स्पीकर ४,२०० रुपये, चहाच्या डब्याएवढा छोटा ॲम्प्लिफायर १,९००, वायर १५०. एकूण ६,२५०. साउंडबार याच्या दुपटीहून महाग होता आणि काकांना तो विकता आला असता. त्यांनी बाबांच्या कानावर सोडलं. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून ॲम्प्लिफायरला वायर जोडून दिली, त्यामुळे आवाज अजूनही टीव्हीच्या रिमोटनेच कमी-जास्त होतो. बाबांना नवं बटण शिकावं लागलं नाही, ही गोष्ट ज्यांच्या घरी न दिसणारं माणूस आहे त्यांनाच कळेल.

आता तक्रारी, आणि त्या खऱ्या आहेत. चार दिवसांत पोचवतो म्हणाले, लागले एकोणीस. मधे फोन उचलत नाहीत. लावल्यावर आठवड्यातच उजव्या स्पीकरचा वरचा छोटा भाग चरचरायला लागला. पुन्हा नेऊन द्यावा लागला, रिक्षाचे पैसे आमचे गेले. त्यांनी तो फुकट बदलून दिला, पण तोपर्यंत सहा दिवस बाबा एका स्पीकरवर होते आणि त्या दिवसांत चिडचिडे झाले होते. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि दिलं त्यावर गॅरंटीबद्दल एक अक्षर नाही, सगळं तोंडी. दुकानाला दोन उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही. बाबांना आम्ही दोघींनी धरून चढवलं. अंध, म्हातारी माणसं जिथे कान दाखवायला येतात तिथे एक लोखंडी दांडा तरी हवाच. मी काकांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण परवा गेले तेव्हाही दांडा नव्हता.

लावायला मात्र स्वतः आले. बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवलं, दोरी घेतली, एक टोक बाबांच्या नाकाशी धरायला भाचीला सांगितलं आणि दुसरं आधी डाव्या, मग उजव्या स्पीकरला लावून अंतर सारखं केलं. पेट्या बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणल्या. त्यासाठी आईच्या शिलाई मशीनचा जुना स्टँड कामी आला. खुर्चीच्या पायांशी जमिनीवर खडूने खुणा केल्या. आई आता केर काढताना खुर्ची हलवली की परत खुणेवर ठेवते.

आता रोजचं सांगते. ‘बॅटमॅन’ची १९९२ ची मालिका बाबांना फार आवडायला लागलीय. त्यात केविन कॉनरॉय दिवसा श्रीमंत ब्रूस वेन म्हणून एका आवाजात बोलतात आणि रात्री बॅटमॅन म्हणून दुसऱ्या. माझ्यासारख्या डोळसाला मुखवटा दिसतो, त्यामुळे आवाजाकडे दुर्लक्ष होतं. बाबांना मुखवटा ऐकावा लागतो. एकदा मधेच म्हणाले, “आता टोपी घातली त्याने,” आणि खरंच घातली होती. जोकरचा आवाज मार्क हॅमिलचा. जोकरचं हसणं दर वेळी वेगळं असतं, आणि बाबा त्यांना नंबर देतात. या मालिकेत अँड्रिया रोमानो या आवाज-दिग्दर्शिकेने नटांना एका खोलीत एकत्र बसवून रेकॉर्ड केलं, रेडिओवरच्या नाटकासारखं. एरवी पुष्कळ ठिकाणी एकेक जण वेगळा येऊन आपापली वाक्यं बोलून जातो. नव्या स्पीकरांवर हा फरक मला पहिल्यांदा इतका ऐकू आला. जोकर बोलत असताना बॅटमॅन गप्प आहे, पण खोलीत आहे, हे जाणवतं.

टॉम अँड जेरीचं मला वाईट वाटायचं. एके काळी बाबा यावर सगळ्यांत जास्त हसायचे, आणि त्यात दोघं जवळपास बोलतच नाहीत. मला वाटलं होतं ते आता त्यांच्यासाठी संपलं. पण स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत पावलागणिक चालतं. मांजर दबकलं की वाद्य दबकतं, घसरलं की सूर घसरतो. टॉमची ती किंकाळी म्हणजे मालिका निर्माण करणाऱ्यांपैकी विल्यम हॅना यांची स्वतःची. जुन्या टीव्हीवर आणि मधल्या काळात हे सगळं एक गोंगाट होता. आता कोण दबकलं, कोण पळालं ते कळतं. राहिलेलं भाची सांगते. तिने स्वतःच एक पद्धत बसवलीय. आवाज जे सांगतो ते ती सांगत नाही, आवाज जे सांगत नाही तेवढंच, आणि दोन आवाजांच्या मधल्या फटीत. “हातात इस्त्री आहे.” “मागे कुत्रा उभा आहे, टॉमला माहीत नाही.” मी सांगायला गेले की माझं वाक्य लांबतं आणि पुढच्या आवाजावर चढतं. बाबा मला गप्प करतात, तिला नाही.

काकांकडे जाणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर जा, दुपारी शटर अर्धं खाली असतं. सोबत येणारं माणूस म्हातारं असेल तर आधी एकट्याने जाऊन आत हाक मारा, काकांचा मदतनीस खाली येऊन हात देतो. ऐकायला स्वतःचं काहीतरी न्या, आणि त्यात कोणीतरी हळू बोलणारं असू द्या.

उजव्या स्पीकरच्या जाळीचं कापड अजून यायचं आहे, काकांनी बुधवार दिलाय. बाबा म्हणतात मीही येतो. ओयामांच्या डोरेमॉनचा अख्खा एक भाग काकांना ऐकवायचा त्यांनी ठरवलंय, आणि कुठला ते भाचीशी दोन दिवस चर्चा करून नक्की केलंय.